बाळाच्या मांडीचं हाड रिपोर्टात 'कमी' आलंय : सांगली-साताऱ्याकडं नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत गरोदर बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना सोनोग्राफीचे रिपोर्ट समजावून सांगायचं काम करते. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, त्यामुळं इथलं वाचून निर्णय घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांपुढं बसल्यावर काय विचारायचं ते कळावं म्हणून हे लिहिलंय. जत-आटपाडीपासून दहिवडी-पाटणपर्यंतच्या बायका येतात आणि प्रश्न तेच असतात. त्यातला सगळ्यात जास्त रडवणारा प्रश्न म्हणजे "एफएल कमी आहे". माझं म्हणणं एकच आहे, हाडाच्या लांबीचा एकटा आकडा म्हणजे आजार नाही, तो तारखेशी, बाकीच्या मापांशी आणि दोन-तीन आठवड्यांनी परत घेतलेल्या मापाशी लावून बघायचा असतो.

एफएल म्हणजे नक्की काय?

फीमर लेंग्थ, म्हणजे बाळाच्या मांडीच्या हाडाची लांबी. तसंच एचएल म्हणजे दंडाच्या हाडाची, ह्युमरसची. बीपीडी आणि एचसी ही डोक्याची मापं, एसी म्हणजे पोटाचा घेर, आणि सीआरएल म्हणजे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात महत्त्वाचं माप सीआरएल, बाकीची नंतर.

तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत मांडीचं हाड मोजतात का? आमच्या रिपोर्टात आहे, जावेच्या नव्हतं.

दोन्ही बरोबर. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात जी सोनोग्राफी करतात, जिला सगळे एनटी स्कॅन म्हणतात, त्यात सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असायला लागतं आणि मुख्य काम म्हणजे बाळाचं वय ठरवणं, मानेमागची पाण्याची जाडी म्हणजे एनटी मोजणं, नाकाचं हाड आहे का बघणं, आणि डोकं, पोट, हात-पाय नीट झालेत का बघणं. हातापायांचं म्हणाल तर दोन हात दोन पाय, प्रत्येकाचे तीन-तीन भाग दिसतात का आणि हलतात का हे बघणं जास्त महत्त्वाचं, लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलीच पाहिजे असं नाही. काही डॉक्टर मोजतात आणि मशीन ते रिपोर्टात छापतं, काही मोजत नाहीत. जावेच्या रिपोर्टात नाही म्हणून तिची तपासणी अर्धवट झाली असं नसतं.

इतक्या लहान बाळाला हाड असतं तरी का?

असतं. आधी ते कूर्चेचं असतं, मग मधल्या दांड्यात चुना भरायला लागतो, आणि साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून तो भाग सोनोग्राफीत पांढरा दिसायला लागतो. बाराव्या आठवड्याला मांडीचं हाड जेमतेम ८ मिलिमीटर, तेराव्याला ११ च्या आसपास, चौदाव्याला १४, सोळाव्याला २०, आणि विसाव्या आठवड्याला साधारण ३३ मिलिमीटर. म्हणजे चौदाव्या आठवड्यानंतर बरेच दिवस आठवड्याला ३ मिलिमीटरनं वाढतं, शेवटच्या महिन्यांत वेग कमी होतो, आणि दिवस भरताना ते ७५-७७ च्या आसपास येतं.

आता हे आकडे लक्षात ठेवले की एक गोष्ट आपोआप कळते. ८ मिलिमीटरच्या हाडात १ मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर ती लहान गोष्ट नाही, आठव्या भागाचा फरक पडला, आणि तो फरक नुसता बाळानं पाय दुमडल्यामुळंसुद्धा पडतो. म्हणून तिसऱ्या महिन्यातला एफएल बघून घाबरायचं नाही असं मी जीव तोडून सांगते.

मोजतात कसं? चुकू शकतं का?

चुकू शकतं, आणि त्यात डॉक्टरांचा हलगर्जीपणाच असतो असं नाही. नीट माप यायला हाड स्क्रीनवर आडवं दिसायला लागतं, म्हणजे मशीनच्या लाटा त्याच्यावर जवळपास काटकोनात पडल्या पाहिजेत, दोन्ही टोकं स्पष्ट पाहिजेत आणि हाडाच्या मागं काळी सावली पडलेली पाहिजे. मग दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात. टोकांची कूर्चा त्यात धरत नाहीत, आणि गुडघ्याकडच्या टोकाला कधीकधी एक बारीक काट्यासारखी रेष दिसते तीही धरत नाहीत. ती धरली की हाड उगाच मोठं येतं. हाड तिरकं पकडलं की लहान येतं. शक्यतो जो पाय प्रोबच्या, म्हणजे डॉक्टर पोटावर फिरवतात त्या यंत्राच्या, जवळ आहे तोच मोजतात कारण पलीकडचा पाय सावलीत जातो आणि वाकडा पण दिसू शकतो.

बाळ पालथं असेल, आईच्या पोटावर चरबी जास्त असेल, आधीच्या सिझरचा व्रण असेल, तर चित्र धूसर येतं. म्हणून नीट काम करणारे लोक दोन-तीनदा मोजतात. "मॅडमनी परत परत मोजलं म्हणजे नक्की काहीतरी झालंय" असं बायका बाहेर येऊन सांगतात, तसं नाही हो, परत मोजणं हे चांगल्या कामाचं लक्षण आहे.

खालून सोनोग्राफी करतो म्हणाले. धोका आहे का?

नाही. बाळ लहान असताना जवळून चित्र स्पष्ट येतं म्हणून करतात. गर्भाला प्रोब लागत नाही. नको वाटत असेल तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, आणि खोलीत बाई सोबतीला असावी हे मागायचाही.

सोनोग्राफीनं बाळाची हाडं ठिसूळ होतात म्हणे?

नाही होत. हा एक्स-रे नाही, आवाजाच्या लाटा आहेत. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उगाच "बाळ बघायला" म्हणून दर पंधरा दिवसांनी करू पण नका.

एफएल कमी येण्याची कारणं काय?

आमच्याकडं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे तारीख चुकलेली असणं. आणि हे नीट समजून घ्या कारण निम्मं रडणं इथंच थांबतं. पाळीची तारीख विचारली की आपल्या बायका सणावर सांगतात, संक्रांतीच्या आधी, मांढरदेवीच्या यात्रेला, तासगावच्या रथाच्या दिवशी. लक्षात ठेवायला ते बरंय, पण संक्रांत सोडली तर बहुतेक सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात. तासगावचा रथ गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असतो. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. म्हणजे २०२५ ला "रथाच्या दिवशी पाळी आली" असं कोणी सांगितलं आणि लिहिणाऱ्यानं गेल्या सालची तारीख टाकली तर सरळ ११ दिवसांचा फरक. विसाव्या आठवड्याच्या आसपास ११ दिवस म्हणजे मांडीच्या हाडात ४ ते ५ मिलिमीटर. बाळ ठणठणीत आणि कागदावरचं हाड एकदम लहान नाहीतर एकदम मोठं! शिवाय ज्यांची पाळी ३५-४० दिवसांनी येते त्यांचं बाळ पाळीच्या हिशेबापेक्षा लहानच असणार कारण गर्भ राहिलाच उशिरा.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांत सीआरएल बघून वय पक्कं करून घ्या, त्यात चूक साधारण ५ ते ७ दिवसांच्या आतच असते. एकदा त्यावरून दिवस भरायची तारीख ठरली की ती नंतर बदलायची नसते. सातव्या महिन्यात मशीन "वय २८ आठवडे" असं मापांवरून छापतं आणि घरचे म्हणतात तारीख पुढं गेली. तारीख पुढं गेलेली नाही, मशीन फक्त सांगतंय की हे माप सरासरी अमुक आठवड्याच्या बाळाचं असतं.

दुसरं कारण म्हणजे घराणं. आई पाच फुटाच्या आत आणि बाप सव्वापाच, तर बाळाचं हाड सरासरीपेक्षा थोडं खालीच असणार. अशा बाळाची रेघ वाढीच्या तक्त्यात खालून जाते पण बाकीच्या रेघांबरोबर वर चढत राहते.

तिसरं, वारेतून बाळाला नीट पोचत नसणं, म्हणजे वाढ खुंटणं. चौथं, गुणसूत्रांचा दोष. पाचवं, हाडांचेच आजार. ही शेवटची दोन कमी वेळा असतात पण लोक पहिल्यांदा तिथंच जातात. या तिन्हींबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली असं लिहिलंय, म्हणजे शंभरात पाच मार्क?

अजिबात नाही! हे मार्क नाहीत. शंभर धडधाकट बाळं ओळीनं लावली तर त्यातली पाच या रेघेखाली असतातच, ती पण धडधाकटच. ही रेघ "इथं जरा बघा" असं सांगते, एवढंच. आणि कुठला तक्ता वापरलाय त्यावरही उत्तर थोडं बदलतं. बऱ्याच मशीनमध्ये हॅडलॉकचा तक्ता असतो, तो अमेरिकेतल्या बायकांच्या मापांवरून केलेला आहे. २०१४ साली इंटरग्रोथ-२१ नावाचे तक्ते आले, ते आठ देशांतल्या निरोगी गरोदर बायकांना मोजून केले आणि त्यातलं एक ठिकाण आपलं नागपूर होतं. डॉक्टरांना विचारा कुठला तक्ता लावलाय, आणि पुढच्या वेळी तोच लावा म्हणून सांगा, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही.

एफएल कमी म्हणजे डाऊन सिंड्रोम का? नेटवर तसंच आलंय.

नेटवर जे आलंय ते बहुतेक पाचव्या महिन्याबद्दलचं असतं. त्या महिन्यात डाऊन, म्हणजे वर म्हटलेला गुणसूत्रांचा एक दोष, असलेल्या काही बाळांची मांडीची आणि दंडाची हाडं जरा लहान दिसतात, त्याला सॉफ्ट मार्कर म्हणतात. पण निरोगी बाळांतही तसंच दिसू शकतं. तिसऱ्या महिन्यात, ११ ते १४ आठवड्यांत, यावर अभ्यास झालाय आणि त्यातून आलं काय, तर डाऊनच्या बाळांचं हाड सरासरीत किंचित लहान असतं खरं, पण फरक इतका थोडा की त्यावरून बाळं निवडता येत नाहीत. म्हणून या महिन्यात डाऊनची शक्यता काढताना एफएल धरत नाहीत. धरतात काय, तर आईचं वय, एनटी, नाकाचं हाड, आणि डबल मार्कर ही रक्ताची टेस्ट.

ज्यांची ही पहिली तपासणी चांगली आलीय आणि पाचव्या महिन्यात फक्त मांडीचं हाड जरा कमी, बाकी काहीच नाही, त्यांची डाऊनची शक्यता त्या एका गोष्टीनं फारशी बदलत नाही. ज्यांनी आधी काहीच तपासणी केली नव्हती त्यांनी मात्र डॉक्टरांशी एनआयपीटी किंवा बाळाभोवतीचं पाणी काढून तपासण्याबद्दल बोलावं. एनआयपीटी ही आईच्या रक्तावरची चाळणी टेस्ट आहे, दहाव्या आठवड्यापासून करता येते, पण पक्कं उत्तर वारेचा तुकडा नाहीतर पाणी तपासूनच मिळतं. पाणी साधारण सोळाव्या आठवड्याच्या पुढं काढतात.

मग नाकाच्या हाडाचं एवढं का बघतात?

कारण ते खरंच उपयोगी आहे. ११ ते १४ आठवड्यांत डाऊनच्या सुमारे ६० ते ७० टक्के बाळांत नाकाचं हाड दिसत नाही, आणि निरोगी बाळांत न दिसण्याचं प्रमाण फार कमी, शंभरात दोन-तीनच्या आसपास. इथं लांबी मोजण्यापेक्षा आहे का नाही हे महत्त्वाचं. बाळ बरोबर एका बाजूनं दिसायला लागतं, नाकाची कातडी आणि खालचं हाड अशा दोन समांतर रेघा, खालची जास्त पांढरी. अकराव्या आठवड्यात हाड अजून भरलेलं नसतं म्हणून कधीकधी दिसत नाही, अशा वेळी आठवड्यानं परत बोलवतात आणि बऱ्याचदा तेव्हा दिसतं.

बाळ बुटकं होणार का?

बहुतेक वेळा नाही. ज्याला लोक बुटकेपणा म्हणतात त्यातला सगळ्यात नेहमीचा हाडांचा आजार म्हणजे अकॉन्ड्रोप्लेजिया, साधारण २५ हजारात एक. आणि ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्यात पाचव्या महिन्यापर्यंत मांडीचं हाड बहुधा नॉर्मलच येतं, मागं पडायला लागतं ते साधारण २४-२५ आठवड्यांनंतर. म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या कमी एफएलवरून हा आजार म्हणता येत नाही. हा आजार असलेल्या दर दहापैकी आठ मुलांचे आईबाप सरळ उंचीचे असतात, जनुकात नव्यानं बदल झालेला असतो, आणि या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मुलांसारखीच असते. ती शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जे दिसू शकतं ते फार गंभीर आजार. त्यात हाड "जरा कमी" नसतं, खूपच कमी असतं, वाकलेलं किंवा मोडलेलं दिसतं, कवटीचं हाड नीट भरलेलं नसतं, छाती अरुंद असते, एनटी वाढलेली असते. डॉक्टर मग मांडीच्या हाडाचं पोटाच्या घेराशी गुणोत्तर काढतात. ते नेहमी ०.२० ते ०.२४ च्या दरम्यान असतं, ०.१६ च्या खाली गेलं तर छातीची वाढ आणि श्वास यांची काळजी असते. तळपायाची लांबी आणि मांडीचं हाड हे जवळपास सारखं असतं, ती पण एक सोपी तपासणी आहे, बारीक चणीच्या बाळात दोन्ही बरोबरीनं लहान असतात.

आमचं लग्न नात्यात झालंय. त्याचा काही संबंध?

हो, आणि हे लपवू नका. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न हे जुनं चालत आलंय, त्यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण काही हाडांच्या आजारांत दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक यावं लागतं, आणि नात्यात लग्न झालं की तसं जुळायची शक्यता वाढते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक. आधीचं बाळ हातपाय लहान असल्यामुळं गेलं असेल, घरात कोणाची हाडं सारखी मोडत असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा. सासरच्यांसमोर सांगता येत नसेल तर डॉक्टरांना एकट्यानं भेटायचंय म्हणा, ते वेळ देतात.

वाढ खुंटल्यामुळं हाड कमी असेल तर काय करायचं?

मला वाटतं या प्रश्नाकडं सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं आणि हाच सगळ्यात कमी विचारला जातो. पाचव्या महिन्यात फक्त मांडीचं हाड लहान आणि बाकी सगळं चांगलं, अशा काही बायकांत पुढं बाळाचं वजन कमी भरतं किंवा आईचं बीपी वाढतं. म्हणून "डाऊन नाही, झालं" म्हणून घरी बसू नका. दर भेटीला बीपी आणि लघवी तपासा, वारेच्या रक्तपुरवठ्याचा डॉपलर करायचा का विचारा, सातव्या-आठव्या महिन्यात वाढीची सोनोग्राफी चुकवू नका, हिमोग्लोबिन बघा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची फुकट तपासणी असते, आशाताईंना विचारून जा.

आणि मशेरी सोडा. हे मी हात जोडून सांगते. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा लागते, तो तंबाखूच आहे, त्यानं बाळाचं वजन कमी होतं. सासूबाई, तुम्ही लावत असाल तर सूनबाईसमोर तरी लावू नका.

कॅल्शियमच्या गोळ्या, नाचणी, डिंकाचे लाडू यानं हाड वाढेल का?

मिलिमीटर वाढणार नाही. खायचं मात्र सगळं. कॅल्शियमची गोळी चौथ्या महिन्यापासून देतात ती आईच्या हाडांसाठी आणि बीपीच्या त्रासासाठी पण उपयोगी आहे, म्हणून एफएल कसाही असो घ्या. लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

सूनबाईनं ग्रहण पाळलं नाही, जड उचललं, म्हणून झालं का?

नाही. यातलं काहीच तिच्यामुळं झालेलं नाही. कृपा करून तिला असं बोलू नका, ती आधीच रात्रभर जागी असते.

हाडं दिसतात तर मुलगा का मुलगी तेही दिसत असेल ना?

विचारू नका. सांगणं गुन्हा आहे, विचारणं पण गुन्हा आहे. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा २००३ साली अजून कडक झाला. लिंग तपासून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बाईवर घरच्यांनी दबाव आणला असंच कायदा आधी धरून चालतो. २०१७ ला मिरज तालुक्यात म्हैसाळमध्ये बेकायदा गर्भपातांचं जे प्रकरण उघडकीला आलं ते आपण विसरायचं नाही. सातारच्या ॲडव्होकेट वर्षा देशपांडे यांनी लेक लाडकी अभियानातून यासाठी कितीतरी वर्षं लढा दिलाय. सोनोग्राफीच्या आधी एफ फॉर्म भरून घेतात तो याच कायद्यामुळं, त्याला वैतागू नका.

माप कमी आलंय, आता नेमकं पुढं काय?

आधी पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट शोधा आणि तारीख त्याच्याशी जुळवा. फाईल हरवली असेल तर जिथं केली तिथं जाऊन प्रत मागा. मग दोन-तीन आठवड्यांनी परत माप घ्या, चार दिवसांनी नको, एवढ्यात वाढ कळत नाही. हाड जितकं वाढायला पाहिजे तितकं वाढलं असेल तर काळजी बरीच कमी होते. असायला पाहिजे ते माप आणि आलेलं माप यांतलं अंतर वाढत गेलं किंवा हाड वाकडं दिसलं तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या, डॉक्टरांकडं जा, मिरज-सांगली, कराड, सातारा इथल्या मोठ्या दवाखान्यांत विचारा, जनुकांची तपासणी लागली तर पुण्या-मुंबईकडं पाठवतात. जाताना सगळे रिपोर्ट आणि जमलं तर चित्रं पण न्या, नुसता शेवटचा कागद नको.

गंभीर आजार निघाला तर? पाचवा महिना संपलाय.

घाई करू नका आणि वेळही घालवू नका. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो, त्याच्या पुढं मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. निर्णय आईचा, आणि गर्भ ठेवायचा ठरवलं तर तोही पूर्ण मानाचा निर्णय आहे, त्यातही डॉक्टर सोबत राहतात. पण एक गोष्ट सगळ्या घरांना सांगते. बाळ गेलं तरी त्याचा पूर्ण अंगाचा एक्स-रे आणि जनुकांसाठी नमुना घ्यायला सांगा. त्या वेळी ते नको वाटतं, घरची मोठी माणसं म्हणतात आता कशाला. पण आजाराचं नाव त्यातूनच कळतं, आणि नाव कळलं तरच पुढच्या खेपेला धोका चारात एक आहे का जवळजवळ नाहीच, हे डॉक्टर सांगू शकतात आणि पुढच्या वेळी अकराव्या-बाराव्या आठवड्यालाच तपासता येतं.